कान कोणाचे, संशोधन कोणाचं?



या अंकाचं संपादकीय ऐकू येण्याबद्दल आहे. स्त्री-चळवळीच्या नियतकालिकात कानाचा विषय कशाला, तो डॉक्टरांचा प्रांत नाही का, असं काही जणींना वाटेल. गर्भनिरोधक इंजेक्शनांबद्दल आपण बोलायला लागलो तेव्हाही हेच ऐकवलं गेलं होतं. औषध कोणी शोधलं, कोणाच्या शरीरावर तपासलं, त्याचे दुष्परिणाम कोणी मोजले आणि कोणी मोजायचे टाळले, हे प्रश्न आपण तेव्हा विचारले. तेच प्रश्न आज कानांबद्दल विचारायची वेळ आली आहे.

ऐकू येण्याबाबतचं संशोधन म्हटलं की श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांटची महागडी शस्त्रक्रिया किंवा जनुकांवरचे नवे उपचार डोळ्यांपुढे येतात. संशोधन संस्था, औषध कंपन्या आणि सरकार यांच्या 'भागीदारी'च्या बातम्याही याच विषयांवर असतात. पण गेल्या दशकात हजारो माणसांचे कान वाचवणारा बदल झाला तो टीबीच्या उपचारात. एका जुन्या औषधाची खरंच गरज आहे का, हा साधा प्रश्न अखेर नीट विचारला गेला म्हणून तो झाला. हा प्रश्न विचारायला सत्तर वर्षं का लागली आणि तो विचारण्यात कोणाचा वाटा होता, हे समजून घेतलं तर संशोधनातली खरी भागीदारी कशी असते तेही समजेल.

आधी थोडा इतिहास. टीबीवरचं पहिलं परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडलं. ते इंजेक्शनातून द्यावं लागे. वापर सुरू झाल्यावर काही वर्षांतच लक्षात आलं की त्याने काही रुग्णांचा तोल जातो, चक्कर येते, काहींना ऐकू येईनासं होतं. त्याच जातीचं कॅनामायसिन १९५७ साली जपानमध्ये सापडलं. त्याचाही कानांवर असाच, किंबहुना जास्तच, परिणाम होतो. आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. जन्मतः त्या एका कानात साधारण पंधरा हजारच असतात आणि मेल्या तर माणसात पुन्हा उगवत नाहीत. ही औषधं नेमक्या याच पेशी मारतात. सुरुवात अगदी उंच, बारीक आवाजांपासून होते. बोलणं ऐकू येत असतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. बोलणं ऐकू येईनासं होतं तोवर उशीर झालेला असतो, आणि औषध थांबवल्यावरही काही काळ नुकसान चालूच राहू शकतं.

साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी, म्हणजे एमडीआर टीबीसाठी, २००७ साली गुजरात आणि महाराष्ट्रात सरकारी उपचार सुरू झाले. तोवर गरिबांसाठी या रोगावर काहीच नव्हतं, त्यामुळे ते पाऊल मोठं होतं. हा उपचार दोन वर्षं किंवा त्याहूनही थोडा जास्त काळ चाले. त्यातले पहिले सहा ते नऊ महिने आठवड्यातून सहा दिवस कॅनामायसिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. त्यापुढच्या दशकात मी टीबीच्या रुग्णांचं समुपदेशन करू लागले तेव्हा हेच उपचार चालू होते. पुढे लिहिते ते त्या काळात बायकांकडून ऐकलेलं आहे.

कानांची तक्रार कोणी थेट करत नसे. एक जण म्हणाली, "ताई, कुकरची शिट्टी किती झाली तेच कळत नाही, वरण करपतं. सासूबाई म्हणतात, लक्ष नसतं हिचं." दुसरीला रात्रंदिवस कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येई. तिला वाटे की आपल्याला वेड लागतंय, म्हणून ती कोणाला सांगतच नव्हती. तिसरीने टीबीची गोष्टच सासरी लपवली होती. आईच्या आजारपणाचं निमित्त करून ती माहेरी येऊन इंजेक्शन घेई. ऐकू येणं कमी झालं तेव्हा तिला दोन गोष्टी लपवाव्या लागल्या. हाक मारल्यावर 'ओ' न देणारी सून उद्धट ठरते, तसाच नवरा बहिरा झाला तर घर त्याच्याशी मोठ्याने बोलायला शिकतं. मूल रडलेलं ऐकू येत नाही म्हणून आई निष्काळजी ठरते. टीबी बरा झाला, पण ऐकू येत नाही म्हणून माहेरी धाडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. लग्न ठरलेल्या मुलींची लग्नं मोडलेली पाहिली आहेत. दवाखान्याच्या कागदावर या सगळ्या 'बऱ्या झाल्या' या रकान्यात होत्या. आजार गेला की नाही एवढंच त्या रकान्याला कळतं. बरी झालेली बाई कशी जगते, ते लिहायला त्यात जागा नव्हती.

इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर महिन्याला कानांची तपासणी व्हायला हवी, असं तज्ज्ञ सांगत होते. पण यंत्र तालुक्याच्या ठिकाणी नसे. जिल्ह्याच्या ठिकाणी असलं तर ते चालवणारं माणूस नसे, आणि दोन्ही असलं तरी मजुरी बुडवून तिथं जायला बाईजवळ पैसे नसत. आणि तपासणीत कान बिघडल्याचं दिसलंच, तर काय करायचं? दुसरं औषध हाती नाही. डॉक्टर म्हणत, "आधी जीव, मग कान." ते खोटं नव्हतं. पण जीव की कान, यातलं एक निवडायला लावणारी परिस्थिती आभाळातून पडलेली नव्हती. टीबी हा गरिबांचा आजार, म्हणून त्यावर नवं औषध शोधण्यात कोणाला फायदा दिसत नव्हता. कानांना घातक म्हणून माहीत असलेलं औषध दशकानुदशकं चालू राहिलं, कारण ज्यांचे कान जात होते त्यांना संशोधनाचे प्रश्न ठरवण्याच्या बैठकीत जागा नव्हती.

मग हे बदललं कसं? पहिली गोष्ट संशोधकांनी आपसांत केली. पन्नास वेगवेगळ्या अभ्यासांतली, २५ देशांतल्या १२,०३० एमडीआर रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. आपापल्या जवळची माहिती मुठीत न ठेवता ती सर्वांपुढे मांडायला या सगळ्या देशांतले संशोधक तयार झाले, हीच मुळात एक मोठी भागीदारी होती. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. बेडाक्विलिन आणि लिनेझोलिड या गोळ्या घेणारे रुग्ण जास्त बरे होत होते आणि कमी दगावत होते. आणि कॅनामायसिन घेतलेल्यांची स्थिती इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा उलट वाईट होती. ज्या औषधासाठी बायकांनी आपले कान दिले, त्याने त्यांचा जीव वाचत होता हेही सिद्ध झालं नाही! त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने इंजेक्शनाऐवजी बेडाक्विलिन द्यायचं ठरवलं. पाठोपाठ जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नये असं जाहीर केलं. भारतातही २०२१च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये केवळ गोळ्यांच्या उपचारावर भर आला. 'स्ट्रीम' या आंतरराष्ट्रीय चाचणीचा दुसरा टप्पा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोळ्यांच्या नऊ महिन्यांच्या उपचाराने ८३ टक्के रुग्णांना गुण आला, इंजेक्शनाच्या उपचाराने ७१ टक्क्यांना. गंभीर बहिरेपण गोळ्यांच्या गटात २ टक्क्यांना आलं, इंजेक्शनाच्या गटात ९ टक्क्यांना.

दुसरी गोष्ट रुग्णांनी केली, आणि ती आपल्या जास्त जवळची आहे. मुंबईची पत्रकार आणि भरतनाट्यम् नर्तकी नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीतली फुमेझा टिसिले, या दोघींची श्रवणशक्ती टीबीच्या इंजेक्शनांनी गेली. दोघी ऐन तारुण्यात होत्या. बेडाक्विलिन हे औषध जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीकडे होतं. त्याच्या संशोधनात सरकारी आणि सार्वजनिक संस्थांचा पैसाही मोठ्या प्रमाणावर गुंतला होता, आणि ज्यांच्यावर ते तपासलं गेलं ते रुग्ण तर आपलेच होते. तरी मूळ पेटंटची मुदत २०२३ साली संपल्यावर कंपनीला त्याच औषधाच्या एका क्षाररूपावर दुसरं पेटंट घेऊन मक्तेदारी २०२७पर्यंत लांबवायची होती. २०१३ साली महाराष्ट्रातल्या एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे 'नेटवर्क ऑफ महाराष्ट्र पीपल लिव्हिंग विथ एचआयव्ही'ने, भारतीय पेटंट कार्यालयात त्याला हरकत घेतली. २०१९ साली नंदिता आणि फुमेझा यांनीही हरकत घेतली. मार्च २०२३मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. सहा महिन्यांच्या बेडाक्विलिनची गरीब देशांसाठीची किंमत २०१८ साली ४०० डॉलर होती. इतर उत्पादक बाजारात येणार हे दिसताच २०२३ साली ती १३० डॉलरवर आली.

या दोघींचे स्वतःचे कान या लढ्याने परत येणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. आपल्यानंतर येणाऱ्या मुलीवर ही वेळ येऊ नये म्हणून त्या लढल्या. ऐकू न येणाऱ्या दोन तरुणी, एक भारतातली, एक आफ्रिकेतली, आणि त्यांच्या आधी हरकत घेणारी महाराष्ट्रातल्या एचआयव्हीग्रस्तांची संघटना, ही माझ्या दृष्टीने संशोधनातली खरी भागीदारी आहे. करारावर सही केलेल्यांच्या यादीत यांची नावं सापडणार नाहीत. पण संशोधनाचं फळ कोणाच्या हाती पडणार, हे ठरवण्यात त्यांचा वाटा होता.

आता दुसरी बाजूही पाहू. 'भागीदारी' हा शब्द ऐकून आपण सावध का होतो, त्याला कारणं आहेत. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनासाठी बायकांना शिबिरात बोलावलं गेलं. ही चाचणी आहे, हे त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. स्त्री शक्ती संघटना, सहेली, चिनगारी या संघटनांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २००९ साली आंध्रातलं खम्मम आणि गुजरातमधलं वडोदरा इथं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या लसीचा प्रकल्प आला, तोही परदेशी संस्था आणि आपल्या सरकारी यंत्रणा यांच्या 'भागीदारी'तून. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या वतीने वॉर्डननी सह्या केल्याचं उघडकीस आलं. २०१० साली प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा तिथं मुद्दाच नव्हता. मुलींना विचारलं का, हा होता.

औषध चांगलं असूनही न पोचण्याचं उदाहरण टीबीतच आहे. बेडाक्विलिन २०१६ साली भारतात आलं ते मोजक्याच केंद्रांत. पाटण्याच्या एका १८ वर्षांच्या मुलीला दिल्लीत ते नाकारलं गेलं, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०१७मध्ये तिला औषध देण्याचं मान्य झालं, पण फार उशीर झाला होता. २०१८ साली ती गेली. औषध जपून वापरायला हवं, नाहीतर जंतू त्यालाही दाद देणार नाहीत, हा अधिकाऱ्यांचा युक्तिवाद शास्त्राला धरून होता. पण 'जपून' म्हणजे कोणापासून जपून, हे ठरवताना ती मुलगी किंवा तिच्यासारखं कोणीच समोर नव्हतं.

याउलट, चांगल्या भागीदारीचं एक जुनं उदाहरणही आपल्याच देशातलं आहे. १९५६ साली मद्रासला भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र काढलं. टीबीच्या रुग्णाला सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवं का, हा त्यांचा प्रश्न होता. गरीब वस्तीत, घरीच राहून औषध घेणारे रुग्ण तितकेच बरे होतात आणि घरच्यांनाही जास्त धोका होत नाही, हे १९५९ साली सिद्ध झालं. घर, पोरं सोडून वर्षभर सॅनेटोरियममध्ये राहणं ज्यांना परवडणार नव्हतं अशा किती बायकांना या एका उत्तराने उपचार मिळाले असतील! हा प्रश्न रुग्णाच्या जगण्यातून उचललेला होता. म्हणूनच त्याचं उत्तर साऱ्या जगाला उपयोगी पडलं.

प्रश्न कोण ठरवतं याला म्हणून इतकं महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये 'जेम्स लिंड अलायन्स' नावाचा उपक्रम आहे. एखाद्या आजाराचे रुग्ण, त्यांच्या घरची माणसं आणि उपचार करणारे एकत्र बसतात आणि पुढचं संशोधन कोणत्या दहा प्रश्नांवर व्हावं ते ठरवतात. सौम्य आणि मध्यम बहिरेपणाबाबत त्यांनी २०१५ साली अशी यादी केली. ही पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणत नाही. पण आपल्या वस्तीतल्या, टीबीतून उठलेल्या बायका अशा बैठकीत बसल्या तर कोणते प्रश्न विचारतील, ते मी सांगू शकते.

त्या पहिल्यांदा विचारतील, गरोदर बाईचं काय? बहुतेक चाचण्यांतून गरोदर बायकांना वगळलं जातं. बाळाच्या काळजीपोटी वगळतात हे खरं. पण परिणाम असा होतो की औषध बाजारात आल्यावर त्यांच्याबद्दल माहितीच नसते, आणि डॉक्टर जुन्याच औषधांकडे वळतात. हे अपरिहार्य नाही, हेही आता दिसलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या 'बीट-टीबी' चाचणीत गरोदर बायकांनाही घेतलं गेलं. म्हणूनच २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेला त्यांच्यासाठीही चालेल असा सहा महिन्यांचा उपचार सुचवता आला.

त्या विचारतील, कान वाचले, मग हातापायांना मुंग्या का? नव्या उपचारातलं लिनेझोलिड हे औषध नसांना त्रास देतं, कधी डोळ्यांच्या नसांनाही. १०९ रुग्णांवरच्या 'निक्स' चाचणीत दहातले नऊ रुग्ण बरे झाले, पण ८१ टक्क्यांना नसांचा त्रास झाला. हे लपवलं गेलं नाही, मोजलं गेलं. म्हणून पुढच्या 'झेनिक्स' चाचणीत मात्रा निम्मी करून पाहिली. सव्वीस आठवडे कमी मात्रा दिलेल्या गटात हा त्रास २४ टक्क्यांवर आला आणि गुण येण्याचं प्रमाण ९१ टक्के राहिलं. कानांच्या बाबतीत जे सत्तर वर्षं झालं नाही, ते नसांच्या बाबतीत दोन-तीन वर्षांत झालं. शिलाई मशीन चालवणाऱ्या, विडी वळणाऱ्या बाईच्या बोटांच्या दृष्टीने हा केवढा फरक आहे! भारतात हा सहा महिन्यांचा उपचार २०२४ साली मंजूर झाला. तो घेणाऱ्या बायकांना मुंग्यांबद्दल, डोळ्यांबद्दल कोणी विचारतं का, हे आता आपण बघायचं आहे.

त्या असंही विचारतील, की माझी चूक होती का? याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण शास्त्राचा अर्धवट धागा बाईच्या गळ्याला फास होऊ शकतो. या जातीच्या औषधांच्या एका मात्रेनेही काहींचे कान जातात. त्यामागे जनुकातला एक बदल असू शकतो, हे १९९३ साली समजलं. तो फक्त आईकडून मुलांत येतो. तान्ह्या बाळांना जंतुसंसर्गासाठी याच जातीचं जेंटामायसिन देतात. म्हणून मँचेस्टरच्या डॉक्टरांनी, विद्यापीठाने आणि एका कंपनीने मिळून खाटेजवळच २६ मिनिटांत होणारी चाचणी तयार केली. मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या ७५१ बाळांवर ती करून पाहिली. तीन बाळांत हा बदल सापडला, त्यांना दुसरं औषध मिळालं, त्यांचे कान वाचले. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. अशी चाचणी आपल्याकडेही यावी. पण ती येताना 'आईकडून आलेला दोष' एवढाच अर्धा निरोप घरी पोचला, तर मुलगी झाली म्हणून सुनेला छळणारं घर आता बहिऱ्या मुलासाठीही तिलाच छळेल. निरोप असा जायला हवा: बदल असूनही बहुतेकदा काही बिघडत नाही, हे औषध मात्र टाळायचं. हा निरोप कोणत्या शब्दांत द्यायचा, यावर संशोधन करायला जनुकतज्ज्ञांइतकीच आपल्यासारख्या कार्यकर्त्यांची गरज आहे.

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. ज्यांचे कान गेले, त्यांचं काय? कॅनामायसिन थांबलं, पण त्याने बहिरेपण आलेल्या बायका आपल्यातच आहेत. कॉक्लिअर इम्प्लांटच्या सरकारी योजना मुख्यतः लहान मुलांसाठी आहेत. पंचविशीत ऐकणं गमावलेली बाई त्यात बसत नाही. तिला खाणाखुणांची भाषा येत नाही, कारण ती ऐकत-बोलत वाढली. ओठ वाचायला तिला कोणी शिकवत नाही. तिच्या कानातले रातकिडे कोणी मोजत नाही. चाचणीत भाग घेतलेल्या माणसाला इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळावी, असं २०१९चे औषध चाचणीचे नियम सांगतात. सरकारी कार्यक्रमातल्या रोजच्या उपचाराने कान गेला तर हाच न्याय का नको? ही मागणी आपण लावून धरायला हवी.

यावर डॉक्टर मित्रमैत्रिणींचा एक आक्षेप असतो, आणि तो प्रामाणिक असतो. प्रत्येक गोष्टीत रुग्णांना विचारत बसलो, तर संशोधन रखडेल आणि तोवर माणसं मरतील, असं ते म्हणतात. माझं उत्तर असं, की रखडलं होतं ते न विचारल्यामुळे. शिवाय जीव आणि कान हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारता येतात. लहान मुलांच्या यकृताच्या कॅन्सरवर सिस्प्लॅटिन देतात, त्यानेही कान जातात. अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून १०९ मुलांवर चाचणी केली. सिस्प्लॅटिन दिल्यावर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं तर कान वाचतात का, आणि कॅन्सरचा उपचार तर कमकुवत होत नाही ना, हे दोन्ही त्यांनी पाहिलं. २०१८ साली उत्तर आलं. ते औषध मिळालेल्यांत ३३ टक्के मुलांचं ऐकणं बिघडलं, न मिळालेल्यांत ६३ टक्के, आणि मुलांच्या जगण्यात फरक पडला नाही. 'आधी जीव, मग कान' हे वाक्य प्रत्येक वेळी खरं असतंच असं नाही. ते खरं आहे की नाही, हे तपासायला मात्र लागतं.

तर आपण काय करायचं? मोठ्या मागण्या आहेतच, पण उद्यापासून करता येण्यासारखंही बरंच आहे.

एक, आपल्या भागात कोणतीही औषध चाचणी चालू असेल तर ती भारताच्या चाचणी नोंदणीत आहे का ते पाहा. २००९पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि कोणालाही पाहता येते. दोन, प्रत्येक नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एखादी समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेची व्यक्ती यांना स्थान आहे, असं २०१९चे नियम सांगतात. आपल्या जिल्ह्यातल्या समितीत या जागांवर कोण बसलं आहे, ते विचारा. तिथल्याच डॉक्टरबाईंचं नाव घालून स्त्रीची जागा भरली असेल तर नियम पाळला गेला, पण हेतू साधला नाही. तिथं आपल्यातली जाणती बाई जायला हवी. तीन, संमतीपत्रक बाईला तिच्या भाषेत, नवरा किंवा सासू बाजूला नसताना समजावून सांगितलं का, हे पाहा. ऐकू कमी येणाऱ्या बाईला ते लिहून किंवा चित्रांतून दाखवलं का, हेही पाहा.

चार, आशाताई आणि बचत गटातल्या मैत्रिणींना चार प्रश्न शिकवा. टीबीचं किंवा दुसरं कोणतंही मोठं औषध घेणाऱ्या बाईला ते दर महिन्याला विचारायचे: कानात आवाज येतो का? कुकरची शिट्टी, फोनची घंटी पूर्वीसारखी ऐकू येते का? हातापायांना मुंग्या येतात का? नजर अंधुक झाली का? यातल्या एकाचंही उत्तर काळजीचं आलं, तर बाईने औषध मनाने बंद करायचं नाही. त्याच आठवड्यात तिला डॉक्टरकडे न्यायचं. या प्रश्नांना यंत्र लागत नाही. पाच, ज्यांचे कान उपचारात गेले अशा बायकांना आपल्या बैठकीला बोलवा. त्या बसतील तिथं उजेड असू द्या, एका वेळी एकीनेच बोला, बोलताना चेहरा त्यांच्याकडे असू द्या, मुद्दे फळ्यावर लिहा. आपल्याच बैठकीत त्यांना जागा नसेल, तर संशोधकांच्या बैठकीत त्यांना जागा द्या असं कोणत्या तोंडाने सांगणार?

संशोधनाला आपला विरोध नाही, कधीच नव्हता. कॅनामायसिन संशोधनानेच थांबवलं. पण संशोधनाने आपल्याकडे फक्त शरीर म्हणून पाहू नये, एवढंच आपलं म्हणणं आहे. आपल्याकडे प्रश्न आहेत, आणि त्यांतले कित्येक कोणत्याही प्रयोगशाळेत सुचणार नाहीत.

हे प्रश्न गोळा करायला या अंकापासून सुरुवात करू या. तुमच्या गावात, वस्तीत, गटात औषधोपचारानंतर ऐकू येईनासं झालेल्या मैत्रिणी असतील, तर त्यांना विचारा, की डॉक्टरांनी कशावर संशोधन करावं असं तुम्हाला वाटतं? त्यांची उत्तरं, त्यांच्या शब्दांत, नावं न लिहिता आम्हाला कळवा. पुढच्या अंकात ती छापू, आणि ती यादी घेऊन आपण सगळ्या मिळून जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयांकडे जाऊ.